‘चाल घरी’

आर्णी, जानेवारी १९५९. सोमवार, दिवेलागण.

शंकरपटात आज माही जोडी बाद झाली. डोक्यातून जातच नाई.

पहिल्यांदा बाजूची जोडी झेंडी पडायच्या आधीच सुटली. पंच म्हणाले, "होते चूक, पुन्हा सोडा." ठीक. पुन्हा उभे राह्यलो, तं गर्दीतून हाक आली, "चाल घरी!" झेंडी वरच होती अन् माहे बैल उधळले. आता पंच 'होते चूक' नाई म्हणाले. सरळ बाद! त्यायले माफी अन् मले शिक्षा, काहून?

पण पंचायचं जाऊ दे. लोकायचे बैल तुतारीचा खिळा टोचला की पळतेत, माहे त्या हाकेवर. दिवस बुडता वावरात ती हाक दिली की गव्हाणीकडे धाव घेतेत. हे ठाऊक कोणाले? मले अन् धाकट्या भावाले, नामदेवले. अन् बाजूची जोडी त्याच्या सासऱ्याची.

तरी वाटलं, तो नसन. मग त्यानंच खांद्यावर हात ठेवला. "मनाले लावून घेऊ नको दादा. चाल घरी."

मी जागचा हाललो नाई. बैल निघाले.

बैलायले काय बोल लावू? त्यायनं तं घरच्या माणसाचं ऐकलं.