ओट्याखालचं सिंक

आबा, त्या दिवशी तुम्ही चुकला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझं मत बदललेलं नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. जतचं सासर कायमचं सोडून मी इस्लामपूरला तुमच्या दारात आले होते. तुम्ही मला आत घेतलंत, पण माझी ट्रंक कितीतरी दिवस बाहेरच्या सोप्यातच राहू दिलीत, जणू मी उद्याच्या गाडीनं परत जाणार होते. स्वयंपाकघरातला ओटा मात्र तुम्ही फार हौसेनं बांधला होता. पलटणीतून निवृत्त होऊन आल्यावर, आईला गुडघ्यांमुळं खाली बसून भांडी घासवत नाहीत हे बघून, तुम्ही सांगलीहून कडप्पा आणलात, त्याला मधोमध भोक पाडून घेतलंत आणि खालून स्टीलचं सिंक सिमेंटनं चिकटवलंत. आख्ख्या आळीत उभ्यानं भांडी घासणारी पहिली बाई आमची आई. शेजारणी बघायला आल्या की ती उगाचच नळ सोडून दाखवायची.

गुळगुळीत स्टीलला सिमेंट किती दिवस धरणार? एका सकाळी आईनं पाण्यानं भरलेला हंडा सिंकमध्ये ठेवला आणि सगळं एका अंगानं खाली आलं. आई ओल्या लुगड्यानं तशीच उभी. तुम्ही गवंडी बोलावलात. तो वाकून बघून म्हणाला, "कडप्पा फोडल्याबिगर जमायचं न्हाई." फरशी फुटणार म्हटल्यावर तुमचा चेहरा पडला. "ऱ्हाऊ दे," तुम्ही आईला म्हणालात, "भोकावर फळी टाकतो. तू आपली मागच्या मोरीवर बसून घास." दुपारी ती मोरीवर बसली, आणि उठताना भिंतीला धरून मधेच थांबली. तिचा श्वास मला आत ऐकू आला.

तुम्ही सांगलीला गेलात त्या दिवशी मी ओट्याखाली शिरले. नळाची चावी बंद केली, सांडपाण्याचा पाइप सोडवला, लोंबतं सिंक उतरवून अंगणात नेलं. जुनं सिमेंट छिन्नीनं खरवडलं. सिंकची कड आणि दगडाची खालची बाजू सोड्यानं धुऊन, कोरडी करून, पॉलिशपेपरनं खरखरीत केली. दुकानात दोन नळ्या एकत्र कालवून लावायचा गोंद मिळायचा, तो आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, गवंड्याला पाठवा की." मी म्हटलं, "गवंडी घाबरला." कडेला गोंद फासून सिंक भोकाखाली धरलं, खाली उलटा डबा, त्यावर पाट आणि पाचरी ठोकून ते वर दाबून बसवलं. नुसत्या गोंदावर माझा विश्वास नव्हता. ओट्याखालच्या दोन्ही बाजूंच्या विटांच्या भिंतींत खाचा पाडून लोखंडी पट्ट्या सिंकच्या कडेखालून आडव्या घातल्या, खाचा सिमेंटनं भरल्या. हाताची सालटी निघाली. आई दारात उभी राहून एकच म्हणत होती, "आगं बाई, तुझं आबा काय म्हणतील?"

तुम्ही आलात, वाकून बघितलंत आणि म्हणालात, "तुला कुणी सांगितलं हात घालायला? तुझं घर हाय का हे?"

आबा, ते वाक्य तुम्ही सहज बोललात असं आई पुढं म्हणायची. मला तसं वाटत नाही. मी म्हटलं, "घर कुणाचं का असंना. गुडघं आईचं हायत."

पाचरी काढल्या त्या दिवशी तुम्ही सिंक काठोकाठ भरलंत आणि दोन्ही हातांनी, सगळ्या अंगाचा भार टाकून ते दाबलंत. पाणी डचमळलं, सिंक हललं नाही. तुम्ही हात पुसलेत आणि फिरायला गेलात. संध्याकाळी शेजारचे काका ओटा बघायला आले. तुम्ही त्यांना म्हणालात, "बसवलं आमी परत. पट्ट्या घातल्या खालनं." मी चहा घेऊन येत होते. कप खाली ठेवले आणि म्हटलं, "आमी न्हाई, काका. मी." तुमचा चेहरा लाल झाला. काका चहा न पिताच उठले. नंतर कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, मीही नाही. पण त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी माझी ट्रंक सोप्यातून उचलून आतल्या खोलीत नेली. तुम्ही बघत होता. अडवलं नाहीत.

आई शेवटपर्यंत त्याच ओट्यावर उभ्यानं भांडी घासत राहिली. मी परत सासरी गेले नाही, कुणाची परवानगी न मागता इथंच राहिले, इथंच म्हातारी झाले. तुम्ही 'ऱ्हा' असं कधी म्हणाला नाहीत, आणि तुम्ही म्हणावं म्हणून मी कधी थांबले नाही. हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, फाडणारही नाही. तुम्हाला माफ केलं असं लिहायला बसले नव्हते आणि लिहीतही नाही. एवढंच, की तुमच्याइतकं चिवटपणे भांडणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही. अलीकडं सगळे माझं लगेच ऐकतात, आणि ते मला सोसत नाही.