अकराव्या मिनिटापर्यंत

२ नोव्हेंबर २०२४
पाडवा. नवे स्पीकर आले! खोक्यातून काढताना पाठ धरली. त्रिशला म्हणाली, जुन्यांना काय झालं होतं? काय सांगणार बायकोला! वरचा सा लागला की जुन्यांचा घसा बसायचा. तिला नाही कळायचं.

४ नोव्हेंबर
भिंतीपासून दीड फूट. मग दोन. मग पुन्हा दीड. दुकानात लक्ष लागेना. एकाने मोटारीचं बेअरिंग मागितलं, मी पाइपाचं सॉकेट बांधून दिलं.

५ नोव्हेंबर
बरं वाजतंय. पण काहीतरी कमी आहे.

९ नोव्हेंबर
आज परीक्षा घेतली. माझी परीक्षेची कॅसेट एकच — लग्नाच्या वर्षी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, श्वास रोखून भरलेला मारवा. अठ्ठावीस वर्षांत चार ॲम्प्लिफायर झाले, स्पीकरच्या सहा जोड्या झाल्या. सगळ्यांचा निकाल याच मारव्यावर लागला.

आणि आज आलापाच्या मागे घूं घूं! अगदी बारीक. अर्थिंगच, दुसरं काय असणार? डोकं फिरलं. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात, म्हणून त्रिशला बोलवायला आली. मी हातानेच थांबवलं. ती दारातूनच परत गेली. या खोलीत ती कधी बसत नाही. लग्नाआधी जैन बस्तीत, देवासमोर स्तवनं म्हणायची, असं सासूबाई सांगायच्या. मी काही ऐकलेली नाहीत. आवड गेली असेल.

१२ नोव्हेंबर
वायरी बदलल्या. अर्थिंग तपासून घेतलं. घूं घूं आहेच — तीही फक्त याच कॅसेटला! अकराव्या मिनिटाला आपोआप थांबते. थांबताना जराशी खसखस. ती खसखस जुनीच, टेप तिथे चुरगळली असावी. पण अर्थिंग असं घड्याळ लावून थांबतं का? जेवण गेलं नाही.

१४ नोव्हेंबर
पेठ वडगावहून कुतुबुद्दीनभाई आले. टेपडेक दुरुस्त करणारा आता एवढा एकच माणूस उरलाय. त्यांनी डेक उघडला, हेड स्पिरिटने पुसलं, त्याचा स्क्रू केसभर फिरवला. म्हणाले, हेड वाकडं बसलं होतं, म्हणून आवाज दबत होता. कॅसेट लावली. भाई डोळे मिटून ऐकत राहिले.

"मशीनला कायबी झालं न्हाय, धनपालदादा. कोण तर बाईमाणूस संगं गातंय की."

खरंच! आलापाखालून एक बाई मारवा गुणगुणत होती. हलक्या आवाजात, पण सूर पक्का. काय गोड! मी पुढे सरकून ऐकत होतो. मग अकरावं मिनिट आलं. टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळून एक दबका, तरणा आवाज —

"गप की जरा! कॅसेट खराब हुतीया."

माझाच.

पुढची सतरा मिनिटं नुसता मारवा. एकदम स्वच्छ. भाई पेचकस पुसत बसले. चहा न घेताच गेले.

१५ नोव्हेंबर
तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. आठवायचा प्रयत्न केला. काहीच आठवत नाही! मी बोललो आणि विसरलो. ती विसरली नाही. लाज वाटते.

१६ नोव्हेंबर
मशीन लावलं नाही. स्वयंपाकघरात स्टूल घेऊन बसलो. त्रिशला शेंगदाण्याची चटणी करत होती. कॅसेटचं सगळं सांगितलं. म्हटलं, आता म्हण की.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मिक्सर लावला.