दोघींच्या अंगात

ती. आईला,

पुण्याहून निकिताचा नमस्कार. फोन तू मधेच ठेवून देतीस, म्हणून लिहितेय. आप्पा मोठ्यानं वाचून दाखवतील. मान सोडली तर तब्येत ठणठणीत हाय.

शनिवारी हेवी मेटलच्या कॉन्सर्टला गेले होते. छातीत धडधडणारे ड्रम, आणि केस मोकळे सोडून घुमणारी हजारभर पोरं-पोरी. तू असतीस तर हळद-कुंकू घेऊन धावली असतीस. पण इथं कुणी कुणाच्या पाया पडलं न्हाय, कुणी कौल मागितला न्हाय. गाणं थांबलं की सगळी पाणी पिऊन हसत होती.

मीबी केस सोडून लई घुमले. देवी काय आली न्हाय. मनात होतं तेच ओरडले.

तवा कळलं, तुझ्या अंगातल्या देवीला तुझ्याच भावाच्या पोराचं नाव कसं ठाऊक होतं. "सोनाली रणधीरलाच द्या," म्हणाली, आणि आप्पांनी ताई देऊन टाकली. रणधीरनं मोडलेला ताईचा हात जुळला का? का गावाला अजून पाय घसरला असंच सांगतीस?

गुडघ्याला तेल लावत जा. नवरात्रात येतेय, आप्पांना येडशी स्टेशनवर पाठव. संबळ वाजला की तुझ्याशेजारीच केस सोडून घुमणार हाय. माझी देवी गावासमोर सांगंल, "सोनालीला वाशीच्या सासरहून घरी आणा." तिला खोटी म्हणालीस, तर तुझीबी खोटी ठरंल.

कुंकू जास्तीचं आणून ठेव. दोघींना लागंल.

तुझीच लेक,
निकिता