मणका एक मेपर्यंत थांबेल

१८ मार्च
आजपासून रोज लिहायचं. शिस्त हवी. वाडीच्या गोडाऊनमध्ये शिडीवरून पडलो, कमरेचा मणका मोडला, ऑपरेशन होऊन चार स्क्रू बसले, त्याला सव्वादोन महिने झाले. वॉकर सुटला, काठी आली. एक जूनला सुपरवायझर रुपराव ड्युटीवर हजर! संकल्प : रोज एक तास व्यायाम.

१९ मार्च
व्यायाम वीस मिनिटं. पाहुणे आले.

२४ मार्च
मोठी बातमी. विम्याचे नियम बदलले. कंपनीचं पत्र आलं. डिस्चार्जनंतरच्या तपासण्यांचा खर्च आतापर्यंत साठ दिवसच मिळायचा, एक मेपासून एकशेऐंशी दिवस. माझे साठ परवाच संपले. म्हणजे आता खर्च करणं मूर्खपणा. तीन महिन्यांचा एमआरआय, डॉक्टरची भेट, फिजिओ, सगळं एक मेनंतर. पत्र चार पानी, इंग्रजीत. पहिलं पान नीट वाचलं. पुढे नुसते तपशील असतात.

२७ मार्च
फिजिओच्या गार्गी मॅडमला सांगितलं, एक मेला या. त्या म्हणाल्या, "काका, आत्ता सोडू नका. उजवा पाय आत्ताशी जागा होऊन राहिला. अन् पाय बधिर झाला, लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं." मी पत्र दाखवलं. त्यांनी बॅग आवरली. पटलं असावं.

५ एप्रिल
हुडकेश्वरच्या चौकात भाजीवाल्याने हाक मारली. उजव्या पायातली चप्पल मागे कुठेतरी राहिली होती. आजकाल चपला सैलच बनवतात.

६ एप्रिल
मागून पट्ट्याची नवी चप्पल. प्रश्न मिटला. व्यायाम नाही.

१३ एप्रिल
बायको, गोपिका, मागे लागली आहे. "काहून जी, पाय घासत चालून राहिले?" म्हटलं, कमरेवर ताण नको म्हणून चाल बदलली. म्हणाली, "मोहितले पुण्याहून बोलावतो." कशाला? पोराची नोकरी नवीन.

२२ एप्रिल
चव्वेचाळीस डिग्री. दुपारी गच्चीवर कूलरमध्ये पाणी भरायला अनवाणीच गेलो. डाव्या पायाला जबर चटका बसला, म्हणून सगळा भार उजव्यावर दिला आणि निवांत पाणी भरलं. उजव्याची सहनशक्ती वाढली आहे. चांगली खूण.

२३ एप्रिल
उजव्या तळपायाला लिंबाएवढा फोड. गोपिकाने मलम लावता लावता विचारलं, "दुखते का?" अभिमानाने नाही म्हटलं. तिचा हात थांबला. नंतर जेवली नाही. बायकांचं मन हळवं.

२८ एप्रिल
लघवीला बराच वेळ बसावं लागतं. उन्हाळाच असा. दोन तांबे पाणी जास्त प्यायलो. गार्गी मॅडमचा फोन : लघवी ठीक आहे ना? म्हटलं, एकदम. तीन दिवसांसाठी कशाला घोळ?

३० एप्रिल
सकाळपासून लघवी झालीच नाही. पोट दगडासारखं. गोपिका रडून राहिली, "आत्ता चला जी." म्हटलं, एका रात्रीने काय होते? बॅग भरली. फाइल, पॉलिसी, पत्र.

१ मे, दवाखाना
आल्या आल्या नळी घातली. पोट उतरलं. विम्याच्या काउंटरवरच्या रितिका मॅडमपुढे पत्र ठेवलं. त्यांनी थेट चौथं पान उघडलं. "काका, हे आजपासून भरती होणाऱ्यांसाठी आहे. तुमची भरती जानेवारीची. तुम्हाले जुनाच नियम. आता पुन्हा भरती झाले, तर नवा लागेल."
म्हणजे लागेलच. गोपिकाला म्हटलं, बघ, शेवटी फायदा झालाच. ती भिंतीकडे पाहत होती.
एमआरआय झाला. स्क्रूजवळ नस दबली आहे. कितीतरी आठवड्यांपासून, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी ऑपरेशन. पाय परत येईल का, विचारलं. ते रिपोर्ट पुन्हा वाचू लागले.
मग म्हणाले, "उजवा पाय उचला." उचलला. ते वाट पाहत उभेच. पुन्हा म्हणाले, "रुपराव, उजवा पाय." म्हटलं, उचलला ना, साहेब.
गोपिकाने माझा हात धरला. मी मान वर करून पाहिलं.
पाय गादीवरच होता.