घट हलवला नाही म्हणून

साउथहॅम्प्टन, सोमवार, १७ ऑक्टोबर १९८८

वाशांतल्या त्या दोन बोटं खोल खाचा डोळ्यांपुढून जात नाहीत.

बुधवारी ह्यांना हॉस्पिटलमधून घरी आणायचं. वरच्या मजल्यावर बाथरूमजवळ किचनवरची माझी देवाची खोली तेवढीच, म्हणून ह्यांना तिथेच ठेवायचं. तिथे हीटिंगचे पाइप घालायला सकाळी प्लंबर आला. जमिनीच्या फळ्या उचलून म्हणाला, "हे छोटं देऊळ सरकवा, लव्ह, म्हणजे भिंतीकडेनं पाइप नेतो. नाहीतर फळ्यांखालच्या वाशांत मधोमध खाचा कापाव्या लागतील. मग वर जड काही ठेवू नका."

नवरात्रात बसवलेला घट दसऱ्याआधी कसा हलवू? कॉन्व्हेंटमधून आले की घटावर माळ बांधायचा मान माझा असे. आई बजावायची, धक्का लागला तर घरात विपरीत होतं.

"कापा," म्हणाले मी. लोखंडी पलंग तिथेच येणार हे ठाऊक असून!

संध्याकाळी भेटायला गेले तेव्हा ह्यांना सांगितलं. हसताना खोकल्याची उबळ आली. "अगं, म्हणजे मी पलंगासकट तुझ्या किचनमध्ये! चहा तरी गरम मिळेल." मग हळूच, "सरकव गं. देवी रागवायची नाही."

दोन बोटं खोल. घरी येताच प्लंबरला फोन केला. खाचांपाशी नवं लाकूड जोडता येईल, पण भिंतीपर्यंतच्या सगळ्या फळ्या काढाव्या लागतील. उद्या आठला येतो म्हणाला. त्याआधी घट मीच उचलीन.

विपरीत होईल म्हणून भ्याले. आता आणखी काय व्हायचं राहिलंय? डॉक्टर म्हणालेच, थोडे दिवस आहेत, घरी न्या.

ते तरी उबेत जावेत.