कामोशिका पळाली नाही

कामिझावा,
१ डिसेंबर १९९६

चि. मिनोरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे तू मजेत आहेस असं मी धरून चालते. माकडांनी वळचणीला सुकायला टांगलेल्या पर्सिमन फळांची एक अख्खी माळ पळवली. तोबी कुत्रा नुसता बघत बसला. त्याला आता मालक कोण आणि माकड कोण हे कळेनासं झालंय.

यंदा हरणांनी कहर केलाय. शेजारच्या हिसानोबाईंचा मुळ्याचा वाफा त्यांनी पार सपाट केला. पुढच्या वर्षी असंच झालं तर घराला कुलूप लावून मुलाकडे मात्सुमोतोला जाईन, असं त्या मला म्हणाल्या. त्या गेल्या की वरच्या आळीत मी आणि तोबीच उरणार. माझे गुडघे आता बंदूक घेऊन दिवसभर डोंगर चढू देत नाहीत, म्हणून देवदारांच्या वाटेवर तारेचे फासे लावलेत. तुझे आतोबा असते तर हसले असते. माझे दोर बांधायचे धडे त्यांनी कधी संपू दिले नाहीत.

वर्ष संपायच्या आत ये. नववर्षाच्या मोचीसाठी चिकट भात कांडायला दांडगे हात हवेत, आणि जनावरांच्या दवाखान्यात दिवसभर कुत्री धरून तुझे चांगलेच दांडगे झाले असतील. मग नेहमीसारखं दोन तारखेला हरणाच्या रश्शाचं भांडं चुलीवर चढेल. तुझ्या बाबांना सांग, खारवलेला मासा मी घेऊन ठेवलाय, त्यांनी दुसरा पाठवू नये.

तुझ्यावर लोभ आहेच, आलीस की दुप्पट होईल.
तुझी,
त्सुरुए आत्या


नागोया,
११ डिसेंबर

ती. आत्यास,
मिनोरीचा सा. न. वि. वि.

मी येणार. भात कांडीन, घर झाडीन, शेजारच्या देवळात तुझ्याबरोबर जाईन. पण पहिल्या तारखेलाच परत निघेन म्हणते. रश्शाच्या वेळी मला तिथं नसायचंय.

हे लिहू नकोस, ताईला लागेल, असं बाबा म्हणाले. पण पोट दुखतंय म्हणून खोटं सांगण्यापेक्षा हे बरं. गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यात कुणीतरी एक तानुकी, कोल्ह्यासारखा दिसणारा रानकुत्रा, आणून दिला. पायात तार रुतलेली, किती दिवसांची कोण जाणे. पाय कापावा लागला. माझ्या हातानं कापला मी. शुद्धीवर आल्यावर तो नसलेला पाय चाटायला वाकला. त्यानंतर तुझं फाशांचं पत्र वाचलं, आणि मला जेवण गेलं नाही.

तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. हिसानोबाईंचे मुळे मलाही दिसतात. पण कुंपण घालता येतं ना गं? रागावू नकोस. रागवायचंच असेल तर पत्रात रागाव, सणाला नको.

तुझ्या लोभातलं माझं नेहमीचं माप कमी करू नकोस.
मिनोरी


कामिझावा,
१७ डिसेंबर

चि. मिनोरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे पत्रातच रागावते. लहानपणी सोयाच्या रसात शिजवलेले टोळ मुठीमुठीनं खाल्लेस, डबा लपवावा लागायचा. टोळांना आई नसते का?

आता झालं रागावून.

तो तानुकी ज्याच्या फाशात अडकला तो शिकारी नव्हे, आळशी माणूस. फासा लावला की रोज सकाळी जायचं, ताप असला तरी, बर्फ असला तरी. मी जाते. कुंपणाचं म्हणशील तर ते खालच्या आळीला घातलंय. म्हणून तर सगळी हरणं वर आमच्याकडे येतात! वर घालायला माणसं नाहीत.

तू परत निघायच्या आधी माझ्याबरोबर एक फेरी मार. मला काय वाटतं ते पत्रात मावत नाही. मग जायचं तर जा, मी अडवणार नाही. राहिलीस तर तुझं भांडं वेगळं ठेवीन, टोफू आणि अळंब्यांचं. त्यात माझा चमचासुद्धा बुडणार नाही.

वाट बघणारी,
आत्या


नागोया,
७ जानेवारी १९९७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. आल्याआल्या बाबांनी विचारलं की कामोशिकेला बघून मी किंचाळत झाडावर चढले हे खरं का. फोनवर तू काय काय सांगितलंस? आता खरी हकिकत मीच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वर्षी त्या झाडाला फांद्या फुटायला नकोत.

मी ओरडले, मान्य. फाशात हरीण असेल अशी मनाची तयारी केली होती, आणि समोर राखाडी केसांची, बकरीच्या तोंडाची कामोशिका. सरकारनं जिला हात लावायला बंदी केलीय ती. आपल्याबरोबर आलेले खालच्या आळीतले गेनजिरो काका म्हणाले की सणाचे दिवस, कचेरी बंद, कुणाला कळतंय, कातडं झकास आहे. त्यावर तू त्यांना इतक्या गोड आवाजात घरी जाऊन चहा प्यायला सांगितलंस की ते बिचारे काठी घेऊन मदतीलाच उभे राहिले.

तू दुबेळक्या काठीनं तिची मान दाबलीस. मी माझा नवा जाड कोट तिच्या डोक्यावर टाकला. तिच्या खुराचा ठसा अजून माझ्या गुडघ्यावर आहे, निळा-जांभळा. तार कापताना माझी पक्कड दोनदा निसटली. तेव्हा तू मला घाई कर म्हणाली नाहीस, ते माझ्या लक्षात राहिलं. जखम वरवरची होती. तार रात्रीच लागली असणार, म्हणजे तुझं रोजचं जाणं खरं ठरलं, हेही कबूल करते.

आणि सोडल्यावर ती पळालीच नाही! चार पावलं जाऊन वळून आपल्याकडे टक लावून बघत राहिली. नववर्षाचा खाऊ मागतेय, असं काका म्हणाले आणि तू बर्फात फतकल मारून हसत सुटलीस. आतोबा गेल्यापासून तुला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या हसण्यामुळेच मी मुक्काम वाढवला.

मग दुसऱ्या सकाळी फाशात हरणाचा नर सापडला. मी तोबीला घेऊन वाटेवरच थांबले. काल जिला सोडलं आणि आज ज्याला मारायचं, त्यांच्यातला फरक मला नीट सांगता येत नाही आत्या, अजूनही नाही. तू वर गेलीस. बंदुकीच्या आवाजाआधी तू त्याच्याशी काहीतरी बोललीस. शब्द कळले नाहीत. संध्याकाळी चुलीवर दोन भांडी होती, आणि अळंब्या छान झाल्या होत्या.

तू काय बोललीस त्याच्याशी?

उत्तराची वाट बघते, लोभासकट पाठव.
मिनोरी


कामिझावा,
१६ जानेवारी

चि. मिनोरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल छोट्या नववर्षाची होळी झाली. वाळुंजाच्या फांद्यांना तांदळाचे गोळे लावून आम्ही ते जाळावर भाजले. हिसानोबाईंचा गोळा राखेत पडला, तर त्यांनी गेनजिरो काकांचा पळवला. त्या मात्सुमोतोचं नाव काढत नाहीत सध्या.

देवदारांच्या वाटेवरचे फासे मी काढले. तिथं कामोशिकेची पायवाट आहे, हे मला आधी दिसायला हवं होतं. हिसानोबाईंच्या वाफ्याकडचे तसेच ठेवलेत. काका कुरकुरतात, शहरातल्या भाचीनं म्हातारीला फितवली म्हणतात. मी त्यांना सांगितलं की उरलेल्या फाशांची फेरी आता एक सकाळ त्यांची, एक माझी.

आता तुझा प्रश्न. तुझे आतोबा डोंगराच्या देवाचे मंत्र पूर्ण म्हणायचे. मला ते कधी पाठ झाले नाहीत. हरीण बघतं आपल्याकडे, आणि आपल्याला काहीतरी म्हणावंसं वाटतं. तुम्हा पोरांच्या पायातला काटा काढताना म्हणायचे तेच म्हणते, झालं हं, झालं. दुसरं मला येत नाही.

गुडघ्याला शेक दे. आणि बाबांना सांग, झाडाची गोष्ट मी मागे घेत नाही.
तुझी,
आत्या


नागोया,
२५ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघा बरा आहे. आज दवाखान्यात एक म्हातारी मांजर आली होती. तिच्यात काही उरलं नव्हतं. तिचे मालक निवृत्त ट्रामचालक, त्यांना बघवेना, ते जिन्यात जाऊन उभे राहिले. मी तिला मांडीवर घेऊन शेवटची सुई दिली. आणि माझंच तोंड बोलत असलेलं मी ऐकलं, झालं हं, झालं.

माझ्यासोबत काम करणारी मुलगी म्हणाली की मी दर वेळी हेच म्हणते, पहिल्या दिवसापासून. मला माहीतच नव्हतं.

हरीण मी खाणार नाही. वाफ्याकडचे फासे तू काढणार नाहीस. पुढच्या हिवाळ्यात माझ्या मापाचे गमबूट आणून ठेव, फेरीला मी येईन.

तुझीच,
मिनोरी