आमच्या जहाजाचा नंबर

३ फेब्रुवारी

भाऊजी आले. बॅग एक आणि कागदांचे गठ्ठे तीन. कपडे कमी, कागद जास्त — लहानपणापासून हीच तऱ्हा! मी लग्न होऊन आले तेव्हा हा दीर शाळेत जायचा, बुटाची नाडी बांधता येत नव्हती. आता प्रोफेसर. समुद्राच्या तळाचा चिखल काढतात आणि हजारो वर्षांपूर्वी पाऊस किती पडला ते सांगतात. उद्याचा सांगा म्हटलं तर येत नाही.

सरकारनं समिती नेमलीय, त्यात आहेत. देशातल्या शास्त्रज्ञांना मोठमोठी साधनं पाहिजेत, पैसे सगळ्यांना पुरायचे नाहीत. तेव्हा आधी कुणाला, मग कुणाला, हे समितीनं सरकारला सुचवायचं. रांगेत चार जण — आकाश बघायची दुर्बीण, एक अवाढव्य कॉम्प्युटर, रक्ताच्या नमुन्यांचं कोठार, आणि आमचं जहाज.

आमचं म्हणजे सरकारचंच. भाऊजींचा चिखल तेच काढून आणतं. पण आमचे हे वीस वर्षं त्याच्या इंजिनरूममध्ये आहेत, म्हणून आमचं. इंजिन थकलंय, जहाज गोदीत उभं आहे. पैसे मिळाले तर नवं इंजिन. नाही मिळाले तर भंगार — आणि हे गोदीच्या स्टोअरात नट-बोल्ट देत बसणार. घरातला पंखा कुरकुरला तरी कान लावून ऐकणारा माणूस! स्टोअरात कशाला कान लावणार?

जेवताना मी म्हटलं, "बरं झालं भाऊजी, आपलं माणूस आत आहे." भाऊजींचा घास हातातच राहिला.

५ फेब्रुवारी

हा दीर पहिल्याच बैठकीत सांगून आला! "मी त्याच जहाजावर काम करतो, माझा सख्खा भाऊ तिथं इंजिनरूममध्ये आहे, आणि सध्या त्याच्याच घरी जेवतोय." जेवतोय हेसुद्धा! नियम असा म्हणे, की आपल्या माणसाचा विषय निघाला की उठून बाहेर जायचं. बोलायचं नाही, मार्क द्यायचे नाहीत.

"मग आत बसून तू काय करणार? लोकांची ओझी वाहणार?" रागावले की मी भाऊजींना अरे-तुरे करते.

हे हसत होते. "बरोबर केलंस धाकट्या. आणि ऐका — समिती संपेपर्यंत या घरात जहाजाचं नाव काढायचं नाही. कुणीच."

कुणीच म्हणताना माझ्याकडे बघितलं.

९ फेब्रुवारी

दोघं भाऊ समोरासमोर जेवायला. "वारा सुटलाय." "हं." "आज गोदीत—" "दादा, भाजी घे." मग दोघं ताटात बघत बसले. हसू दाबता दाबता मला ठसका लागला.

१३ फेब्रुवारी

समितीतल्या एकेकाला एकेक साधन वाटून दिलंय. त्यानं ते मुळापासून वाचायचं आणि बाकीच्यांना समजावून सांगायचं. भाऊजींना रक्ताचं कोठार आलंय.

आज माझ्या भाजीच्या गाळ्यावर टोमॅटो निवडायला बसले माझ्याबरोबर — निवडले थोडे, बोलले फार. चाळीस वर्षांपूर्वी लाखभर लोकांचं रक्त घेऊन थंडीत ठेवलंय. आता त्यातलं कोण कशानं आजारी पडलं ते बघायचं, आणि आधीच्या रक्तात त्याची काही खूण होती का ते शोधायचं. पण कोठाराची थंडीची यंत्रं म्हातारी झालीत. एकदा बंद पडली की संपलं.

"पुन्हा घ्यायचं रक्त," मी म्हटलं.

"त्यातली कितीतरी माणसं गेली वहिनी."

 मी एक नासका टोमॅटो बाजूला ठेवला. भाऊजींनी चांगल्यात टाकला होता.

२० फेब्रुवारी

आज मार्क द्यायचे होते. दुपारी भाऊजी सरळ गाळ्यावर आले, खोक्यावर बसले. "वहिनी, जहाज दुसरं आलं. पैसे दोघांपुरते आहेत."

मी ओरडलेच! समोरच्या बाईला एक कोबी फुकट दिला. आणि हा बसलाय तोंड पाडून.

झालं असं. जहाजाचा विषय निघाला, हा बाहेर व्हरांड्यात गेला. विषय संपला की बोलावणार होते — विसरले! पुढचं कोठार घेतलं. मांडणार कोण, तर मांडणारा बाहेर. कुणीतरी म्हणालं, कागद आहेत ना समोर, चला. दिले मार्क. कोठार तिसरं.

"दार वाजवायला काय झालं होतं?"

"आत जहाजाचंच चालू असतं तर? मी डोकावलो तर दबाव टाकल्यासारखं झालं असतं."

असा माणूस! जगात दुसरा कुणी असता तर पाच मिनिटांत आत घुसला असता.

"उद्या अध्यक्षबाईंना सांगतो. मांडणीच झाली नाही, कोठाराचं पुन्हा घ्या."

माझ्या हातात किलोचं वजन होतं. फेकून मारलं नाही, एवढंच. "तू कॉलेजात जावास म्हणून दादानं ती नोकरी धरली. विसरलास?"

"विसरलो असतो तर सोपं गेलं असतं," म्हणाला.

घरी आल्यावर ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ते रक्त गेलं तर परत मिळतं?"

"नाही दादा."

"आणि समुद्र?"

"तो कुठं जात नाही. जे एकदा गेलं की मिळत नाही, त्याला आधी धरावं असं मला वाटतं."

"मग जा, सांग."

एवढंच बोलून बाहेर पायरीवर जाऊन बसले. खिडकीतून पाठ दिसत होती. मी चहा नेऊन ठेवला.  

२५ फेब्रुवारी

भाऊजींनी कोठार मांडलं. तासभर बोलले म्हणे. कोठार दुसरं. जहाज तिसरं.

२६ फेब्रुवारी

भाऊजींशी बोलत नाही. वाढते, पण आदळून. तरी दुसऱ्यांदा भात घातला. खाल्ला नसता तर आणखी राग आला असता.

२८ फेब्रुवारी

गेले. दारात वाकून म्हणाले, "येतो वहिनी." मी म्हटलं, "डबा घेतलास का?" संपला अबोला. मला जमतच नाही.

११ मार्च

हे स्टोअरात जायला लागले. संध्याकाळी पाचला नवरा घरात! मला तर पाहुणा आल्यासारखं वाटतं. पंखा दुरुस्त झाला, नळ झाला, शेजाऱ्यांचा पंप झाला. आज माझ्या तराजूवर नजर होती. म्हटलं, हात लावाल तर खबरदार.

हसले. पण गोदीवरचा गेटवाला सांगत होता — जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन जहाजाजवळ जाऊन बसतात. आत जात नाहीत.

२२ मार्च

मिळाले! जहाजाला पैसे मिळाले!! मंत्र्यांनी जाहीर केलं — दुर्बीण आणि जहाज. मी भाऊजींना फोन लावला. "हे कसं झालं?" तर म्हणाले, समिती फक्त सल्ला देते, पैसे सरकारचे. "पण कोठार का गाळलं?"  मग म्हणाले, "वहिनी, मंत्र्यांना जहाजावर उभं राहून हात हलवता येतो. फ्रीजसमोर काय हलवणार?"

मला काय त्याचं! गाळ्यावर येईल त्याला कोथिंबीर वाटली. घरी येऊन ह्यांची जहाजावर न्यायची बॅग माळ्यावरून काढली, पुसली, पलंगावर ठेवली.

ह्यांनी उघडली नाही. पलंगाच्या कडेला बसले बॅगेशेजारी, जशी परक्याची.

"रांगेत आपल्यापुढं कुणीतरी उभं होतं गं," म्हणाले.

२४ मार्च

भाऊजी आलेत. उद्या मंत्रालयात जाऊन सांगणार — जहाजाचे पैसे कोठाराला द्या. म्हटलं, तुला बोलायला बंदी ना? "आपल्या बाजूनं बोलायला, वहिनी. विरुद्ध बोलायला नाही." त्यांचा पांढरा शर्ट मी इस्त्री केला. हे शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "कॉलर परत कर. चुरगळलीय."